सांडलेला काढा

संत्र्याच्या सालीचा मला राग येतो. हसायचं त्यानं खुशाल हसावं. कुणाला सासूचा राग येतो, कुणाला देवाचा येतो, मला सासूचा येतो आणि सालीचाही येतो. बाजारात कुणी संत्रं सोलायला घेतलं आणि तो वास नाकात गेला की माझं डोकं भणभणतं. थंडीत तर रस्त्याला गाडेच गाडे लागतात, माणसानं पळून जायचं तरी कुठं?

आणि आता ती मेली साल मोबाइलमध्येही घुसली. मागच्या थंडीत आमच्या गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर एकीनं टाकलं, संत्र्याची, मोसंबीची साल फेकू नका, तिच्यात अमकं द्रव्य असतं, त्यानं लिव्हर शाबूत राहतं. खाली पाच-सहा जणींनी हात जोडले. एकीनं विचारलं, रोज किती चमचे? मी ग्रुपमधून बाहेर पडले. शेजारीण धावत आली, "काकू, कुणी काय बोललं का तुम्हाला?" म्हटलं, बाईमाणूस कुणी बोललं नाही, साल बोलली. ती बिचारी माझ्या तोंडाकडं बघत परत गेली.

तिला काय सांगणार? सासू माझी अजून आहे. नव्वदीला टेकली, दात एक नाही, पण जीभ शाबूत आहे, आणि त्या जिभेवर माझ्यासाठी चाळीस वर्षं एकच वाक्य आहे. "हिनं काढा सांडला म्हणून माझी लेक गेली." लग्नात म्हणाली, बारशात म्हणाली, माझ्या स्वतःच्या आईच्या मातीला आली तिथंही म्हणाली. ओरडून नाही हो. भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं, तितक्या थंडपणे.

माझं माहेर देगलूर. तिकडं घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि आईला राग आला की कानडी. वडील शाळामास्तर. त्यांनी हौसेनं मला बारावी सायन्स केलं, आणि हौस फिटल्यावर लातूरला देऊन टाकलं. सासर म्हणजे नवरा आणि त्याची विधवा आई. एक नणंद होती, तिचं लग्न माझ्याआधीच होऊन ती हदगावला गेलेली. नवऱ्याचं गंजबाजारात अडतीचं दुकान. माणूस भला, पण आईसमोर उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटायची.

पहिल्याच महिन्यात सासूनं माझं नाव ठेवलं, शास्त्रीणबाई. भात करपला की, "कालेजात शिकवलं न्हाई व्हय?" भाकरी फाटली की, "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार, मास्तराच्या घरी खडूच खात असतील." मीही काही गरीब गाय नव्हते. एकाला दोन ऐकवायची. आमचं भांडण ऐकायला गल्ली दारात येऊन बसायची, अशी आमची कीर्ती.

पण सासूची खरी कीर्ती होती काढ्याची. संत्र्याची, मोसंबीची, लिंबाची, मिळेल ती साल ती टाकू द्यायची नाही. पत्र्यावर वाळवायची, खळखळ वाजेपर्यंत, आणि डब्यात भरायची. कुणाचे डोळे पिवळे झाले की मूठभर साल, चिमूटभर जिरं, खडीसाखर, तांब्याभर पाणी, आणि निम्मं होईपर्यंत चुलीवर. सारी गल्ली पेले घेऊन यायची. बरीचशी माणसं बरी व्हायची. कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते, पण हे सांगायला गेले तर म्हणायची, "तुझ्या पुस्तकात काविळीवर काय लिवलंय? आराम करा. आराम म्हंजी काय औषिद हाय?" खरं सांगायचं तर पुस्तकात तेच लिहिलं होतं. त्याचा मला आणखीच राग यायचा.

लातूर जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. इकडं पाऊस दगा देत होता, तिकडं गावाला जिल्ह्याचं बाशिंग बांधलं गेलं. उस्मानाबादेहून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं कारकून आले, कारकुनांमागं त्यांची बायकापोरं. राहायला खोल्या मिळेनात. ज्याच्या घरामागं चार हात जागा, त्यानं दोन खोल्या उठवल्या. आमच्या सासूनंही उठवल्या. शहरातले भाडेकरू डबा घेऊन बाहेर जात नाहीत, म्हणून परसात संडास बांधला आणि त्याला खड्डा खणला. परसातच आमचा आड. खड्ड्यात आणि आडात अंतर किती? मधे वाळत घातलेलं एक लुगडं मावायचं, इतकं.

तेव्हा कुणाच्याच डोक्यात काही आलं नाही. आड तर कोरडाठाक पडला होता. पाणी टँकरचं. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मी पण धरल्या आहेत, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात गावात कावीळ सुरू झाली. गल्लोगल्ली रिक्षा फिरवून सांगू लागले, पाणी उकळून प्या. मी ते मनावर घेतलं. टँकरचं पाणी तुरटी फिरवून, गाळून, खळखळ उकळून मगच माठात. रॉकेल मिळायची मारामार, त्यावरून सासू रोज तोंड सोडायची, पण या एका गोष्टीत मी हटले नाही. पाहुण्याला दिलेलं पाणीसुद्धा उकळलेलं. मला त्याचा लई गर्व होता.

आता आमच्या घरची रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, त्या पूजेचं तीर्थ घ्यायचं, मगच चहा. पूजेचं पाणी सासूच्या कायद्यानं वेगळं. टँकरचं चालायचं नाही, ते दहा हातांतनं आणि रबरी नळीतनं आलेलं. तापवलेलंही चालायचं नाही, चुलीवर चढलं की ते स्वयंपाकाचं झालं. अंघोळ करून, ओलेत्यानं, घरच्या आडातनं ताजं ओढलेलं पाणीच हवं. दुसऱ्या घरांतून कुणी एवढं बघत नव्हतं, पण आमच्या सासूचं सोवळं म्हणजे देवालाही धाक.

आणि आड तर कोरडा! सासू रोज आडाच्या काठाला हात लावून रडायची, माझ्या लिंगाला आता पाणी कुठलं? एक दिवस सकाळी ती परसातनं ओरडली, "अगं ये, बघ गं बये, देव पावला!" जाऊन बघते तर आडाच्या एका अंगानं ओल आलेली. दगडांच्या फटीतनं पाणी पाझरत होतं, बारीक, पण सतत. दिवसाला दोन कळशा भरायच्या. सगळा आड कोरडा आणि एकाच अंगाला झरा. सासूनं नारळ फोडला, गल्लीत साखर वाटली. दुष्काळात आपल्याच आडाला झरा लागला, हे काय साधं पुण्य?

मी बारावी सायन्स. वहीत पाण्यातल्या जंतूंच्या आकृत्या काढून दहापैकी नऊ मार्क घेतलेली. मी काय केलं? मीही हात जोडले. रोज पहाटे ओलेत्यानं त्या झऱ्याचं पाणी ओढायची मीच, तो मान सुनेचा होता.

त्याच दिवसांत नणंद बाळंतपणाला आली. सातवा महिना. येताना संत्र्यांचं पोतं घेऊन आली, हदगावकडं विदर्भातली संत्री येतात. मला ती आवडत नव्हती. मेल्यावर आवडायला लागली असंही म्हणणार नाही. आल्या दिवशीच माझ्या पडद्यांना नावं ठेवली, दुसऱ्या दिवशी माझ्या आमटीला. दिवसभर पलंगावर बसून संत्री खायची आणि साली खिडकीत ठेवायची. मला हाक मारायची, "वैनी, पाय दाबून द्या ना जरा." मी दाबायची आणि मनातल्या मनात शिव्या घालायची. एकदा मात्र दुपारी तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. आत लेकरू अशी लाथ मारत होतं की मी दचकले, आणि आम्ही दोघी हसलो. एवढंच. आमच्यातलं चांगलं म्हणून सांगायला एवढंच आहे.

लेकीवर सासूचा जीव. तिला झऱ्याचं तीर्थ आम्हा सगळ्यांसारखं चमचाभर नाही, वाटीभर. आठव्या महिन्यात आमच्यात पोटातल्या लेकराचंही लिंगधारण करतात. सासू म्हणायची, "दोन जिवांचं तीर्थ हाय, दोघास्नी पुरंल येवढं दे." वाटी भरून मी द्यायची. ती देताना डोक्यावरचा पदरसुद्धा नीट घ्यायची मी.

महिना-सव्वा महिना झाला आणि तिचं जेवण सुटलं. उलट्या. मग एका सकाळी अंगणात तोंड धुताना मी तिचे डोळे बघितले. हळदीसारखे. मी सासूला हाक मारली. सासू घाबरली नाही. उलट तिच्या अंगात बळ आलं. काविळीची तर ती राणी! लगेच डबा उघडला, साल मुठीनं काढली, चूल पेटली.

मी नवऱ्याला घेऊन डॉक्टरकडं गेले. डॉक्टर म्हणाले, गरोदर बाईची कावीळ साधी नसते. ग्लुकोज द्या, आराम द्या, गावठी काही देऊ नका, लिव्हर आधीच थकलेलं आहे. गुंगी यायला लागली तर एक तास दवडू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. मी घरी येऊन शब्दाला शब्द सांगितला. सासू म्हणाली, "डाक्टर काल आला. साल माझ्या आज्जीपासून हाय."

तीन दिवस असे गेले. सासू पेला घेऊन लेकीच्या उशाशी. घोट पोटात गेला की दोन घोट बाहेर. "थोडं, लेकी, येवढं घे." ती मान फिरवायची. तोंड कडू, ओठ फाटलेले, आणि घरभर संत्र्याच्या सालीचा तो वास. मी म्हणत होते दवाखाना, सासू म्हणत होती, अजून दोन पेले जाऊ दे, मग बघ. नवरा एकदा तिच्याकडं बघायचा, एकदा माझ्याकडं, आणि दुकानाला निघून जायचा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नणंद असंबद्ध बोलायला लागली. मला म्हणाली, "वैनी, साली खिडकीत हायत, शाळेत जायचं हाय." मी सासूला म्हटलं, आत्याबाई, आता निघायचं. ती चुलीसमोर होती. हातात काढ्याचा तांब्या. म्हणाली, "येवढा तांब्या जाऊ दे पोटात, मग न्या." मी तो तांब्या तिच्या हातातनं हिसकावला आणि मोरीत पालथा केला. गरम काढा माझ्या पायावर उडाला. दारात शेजारणी उभ्या होत्या. सासू नुसती मोरीकडं बघत राहिली.

त्या रात्री जीप मिळेना. सकाळी निघायच्या आधी नणंदेला शुद्ध होती थोडी. तिनं तीर्थ मागितलं. मी ओलेत्यानं आडावर गेले, पाणी ओढलं, पूजा आटपली आणि वाटीनं तिच्या तोंडाला लावलं. तेवढं मात्र तिनं उलटलं नाही. मला बरं वाटलं, काहीतरी पोटात ठरलं म्हणून.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात तिचे सासरचेही आले. डॉक्टरीणबाई लहान वयाच्या होत्या, भराभर विचारत होत्या. "पाणी कुठलं पिता?" मी पुढं होऊन म्हटलं, "उकळून." "सगळं?" "सगळं," म्हटलं मी. ताठ मानेनं म्हटलं. अजून तो माझा आवाज कानात येतो आणि वाटतं स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी ती अडली, आठव्या महिन्यातच. मुलगी झाली, ओंजळीएवढी. आईला शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, तिच्या नवऱ्यासमोर, सासूसासऱ्यांसमोर, माझ्या सासूनं ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं, "हिनं काढा सांडला." सगळ्यांची तोंडं माझ्याकडं फिरली. हदगावच्या लोकांनी नंतर निरोप धाडला, पोरगी तुमच्याकडंच राहू द्या. मला लेकरू नव्हतं, पुढंही झालं नाही. त्या ओंजळीएवढ्या जिवाला मीच कापसात गुंडाळून लातूरला आणलं.

नणंदेला माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी आडावर गेले. रीत म्हणजे रीत, माणूस मेलं तरी पूजेचं पाणी लागतंच. पोहरा सोडला. उजेड नीट फुटला होता. आणि मी बघितलं. ओल ज्या अंगाला होती, त्याच अंगाला वर संडासाचा खड्डा. दगडांवर हिरवट ओघळ. पोहरा वर ओढला, नाकाशी नेला. रोज देवाचं पाणी म्हणून ओढत होते, नाकाशी कधी नेलंच नव्हतं. मी तिथंच खाली बसले.

कसला झरा! दुष्काळात पाणी लागलं ते भाडेकरूंच्या खड्ड्याचं. सगळं गाव टँकरचं उकळून पीत होतं आणि आम्ही आमच्या पोटुशा पोरीला हे वाटीनं पाजत होतो. आम्हीही चमचा-चमचा घेत होतोच. नवऱ्याला पंधरा दिवस अन्न गोड लागत नव्हतं, तेही आठवलं. आम्ही निभावलो. ती निभावली नाही.

आणि सासूचा काढा? निम्मा होईपर्यंत उकळलेला. अख्ख्या घरात तिच्या पोटात जाणारी सगळ्यात स्वच्छ वस्तू तीच होती. मी ती मोरीत ओतली, आणि सकाळी वाटी भरून दुसरं पाजलं. काढ्यानं ती वाचली असती असं मी आजही म्हणत नाही. पण हा हिशेब मला कुणी सांगू नये, मला तो पाठ आहे.

नवऱ्याला आडावर नेऊन दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "हे तोंडातनं काढू नको. आईला कळलं तर आई जीव देईल." त्याच आठवड्यात त्यानं आडावर फरशी बसवून टाकली. निमित्त सांगितलं, उद्या पोरगी रांगायला लागेल. खड्डाही बुजवला, दुसरीकडं खणला. मला वाटलं, आता सासू घर डोक्यावर घेणार. देवाचा झरा झाकला! पण ती एक शब्द बोलली नाही. पूजेला माठातलं पाणी घ्यायला लागली, तेही गुपचूप. मी म्हटलं, दुःखानं मोडली म्हातारी.

मोडली कसली? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. महिनाभरानं जीभ परत सुरू झाली. "हिनं काढा सांडला." त्यात एक नवा टोमणा. पाण्याचा पेला हातात दिला की आधी विचारणार, "उकळलंय का गं, शास्त्रीणबाई?" दर वेळी. दिवसातनं चार-पाच वेळा, चाळीस वर्षं. दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ओठावर यायचं, थांब म्हातारे, सांगते तुला कशानं गेली तुझी लेक! आणि मग नवऱ्याचा चेहरा आठवायचा. गिळायची. नवरा गेला त्यालाही बरीच वर्षं झाली, तरी गिळतच राहिले. एक मात्र खरं, त्या दिवसानंतर सासूनं कुणालाही काढा करून दिला नाही. लोक पेले घेऊन आले, तिनं परत पाठवले. माझ्यावरच्या रागानं, असं मी समजत होते.

पोरगी या सगळ्यात वाढली. माझ्या कुशीत झोपायची आणि आजीच्या तोंडून ऐकायची की मामीनं तुझ्या आईचं औषध सांडलं. लहानपणी एकदा तिनं विचारलं, "मामी, मुद्दाम सांडलंस का?" मी तिच्या वेणीला इतका हिसडा दिला की ती रडली. परत विचारलं नाही तिनं कधी. पण ते तिच्या डोळ्यांत असायचं. परीक्षा असो, वाढदिवस असो, ती मला मिठी मारायची आणि मला वाटायचं, हिच्या मनात एक कोपरा आहे, तिथं मी खुनी आहे. मला जगात दुसरं कुणी नव्हतं हो. तिचा तो एक कोपरा मला खात होता.

ती औषधनिर्माणशास्त्र शिकली. आता नांदेडला कॉलेजात शिकवते. तिला विचारलं होतं, हेच कशाला? हसली नुसती.

मागच्या संक्रांतीला ती आली. जेवणं झाली, दुपारी आम्ही तिघी पुढच्या खोलीत बसलो. सासू पलंगावर भिंतीला टेकून. पोरीनं पर्समधनं छापलेले कागद काढले. म्हणाली, "आजी, तुझी साल अगदीच खोटी नव्हती हं." आणि सांगायला लागली. सालीत, तिच्या आतल्या पांढऱ्या भागात द्रव्यं असतात, एकाला हेस्पेरिडिन म्हणतात, एक नारिंजेनिन. उंदरांच्या लिव्हरला इजा करून मग ही दिली तर इजा कमी दिसते. पण माणसाचं अजून कुणी छातीठोक सांगत नाही. आणि उकळलेल्या काढ्यात त्यातलं किती उतरतं, पोटात किती टिकतं, हा आणखी वेगळा प्रश्न.

मी सासूकडं बघितलं. म्हटलं, झालं, आता हिच्या हातात कॉलेजचा कागद आला, आता ही मला मातीपर्यंत सोडत नाही. पण सासू हसली नाही. कागदाकडं बघितलंही नाही.

पोरगी माझ्याकडं वळली. बेचाळीस वर्षांची बाई ती, पण आवाज लहानपणचाच निघाला. "मामी, मी हे सगळं का वाचते ठाऊक आहे का तुला? मला बघायचं होतं, त्या तांब्यात काय होतं. आज सांग. का सांडलास?"

सांगावं का? आड, खड्डा, वाटी, सगळं ओकून टाकावं? समोर ती म्हातारी, हाडांचा सापळा. तिला एका वाक्यात संपवता आलं असतं, आणि देवाशपथ, मला तेच करायचं होतं. पण तोंड उघडलं तर बाहेर आलं दुसरंच. म्हटलं, "रागानं सांडला. डॉक्टरनं नको म्हटलं होतं, हे कारण नंतर पुढं केलं मी. तुझी आई गुंगीत गेली होती, आणि मला हिचा राग आला होता, त्या तांब्याचा राग आला होता. म्हणून सांडला."

पोरीचं तोंड पडलं. मला वाटलं, गेली ही माझ्या हातातनं.

तेवढ्यात सासू बोलली. भिंतीकडं बघतच. "सालीनं काय बी झालं न्हाई. सांडली तर सांडली. पाण्यानं गेली ती."

"कसलं पाणी?" पोरीनं विचारलं.

"आडाचं. संडासाच्या खड्ड्याचं पाणी आडात उतरलं. त्याला मी झरा म्हटलं. तुझ्या आईला मी पाजायला लावलं, वाटी भरून. हिनं ओढलं, मी सांगितलं म्हून ओढलं."

मी उठून उभी राहिले. "आत्याबाई, तुम्हाला हे कधी कळलं?"

"तुमी दोघं नवराबायको आडात वाकून बघून राहिले होते, त्या दिशी. मी खिडकीत होते. तुमी गेल्यावर मी बी वाकले."

"चाळीस वर्षं!" मी ओरडले. शेजारी ऐकतील, ऐकोत. "तुमच्यासाठी मी चाळीस वर्षं तोंड शिवून बसले, तुम्ही जीव द्याल म्हणून! आणि तुम्हाला ठाऊक होतं? ठाऊक असून मला बोलत राहिलात? या पोरीसमोर?"

"हाव."

"का पण?"

"तुला बोलले नसते तर माझं मलाच बोलावं लागलं असतं," म्हातारी म्हणाली. "तुझ्यात तेवढं बळ हाय, माझ्यात न्हाई."

काय करावं अशा बाईचं? मी तिला माफ केलं नाही. त्या दिवशी केलं नाही, आज लिहितानाही केलेलं नाही. तिनं मागितलंही नाही. पोरगी उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, माझा हात हातात घेऊन. तिचे कागद जमिनीवर सांडले होते, ते कुणी उचलले नाहीत. मग तिनं विचारलं, "आईनं ते पाणी मागून घेतलं होतं का?" म्हटलं, हो, शेवटचं तिनं मागून घेतलं. ती मान हलवत राहिली.

सासूला बोलून बोलून खोकला लागला. तिनं हात पुढं केला, पाणी. मी तशीच बसून राहिले. हिला पाणी मी का द्यावं? मग उठले, माठातनं पेला भरला आणि तिच्या हातात दिला. तिनं पेला डोळ्यांजवळ नेला, आत बघितलं, नाकाशी नेला. मग रोजच्यासारखं विचारलं, "उकळलंय का गं?"

चाळीस वर्षं मी त्याला टोमणा समजत होते.

"उकळलंय, आत्याबाई," मी म्हटलं. "प्या."